परसदारावरचं पोळं

आई, तू गेल्यावर बांधलेल्या या घराच्या परसदारावर सिमेंटचा सज्जा आहे. त्याच्या खालच्या बाजूला यंदा गांधीलमाश्यांनी पोळं केलं. सुपारीएवढं होतं तेव्हाच तुझी सून म्हणाली, "अहो, काढून टाका तेवढं. भांडी घासायला मला त्याच दारातनं जायला लागतंय." मी म्हणालो, मुका जीव आहे, आपण त्रास दिला नाही तर तोही देणार नाही. देवपूजा करून उठलेला माणूस बोलतो तसं बोललो, म्हणून ती गप्प बसली. पोळं तळहाताएवढं झालं. मग एका दुपारी तिच्या मानेला दोन माश्या डसल्या. बघता बघता ओठ सुजले, घसा दाटला, तोंडातून शब्द फुटेना. तुझ्या नातवाने आणि मी तिला मोटारसायकलवर मधे बसवून चिकोडीला नेलं. इंजेक्शनने सूज उतरली. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "परत डसली तर इथवर पोचायला वेळ मिळेलच असं समजू नका."

दुसऱ्याच दिवशी नातवाने हेल्मेट घालून काठीने पोळं पाडलं. चार दिवसांत त्याच जागी नवं दिसायला लागलं. परत पाडलं, परत तिथंच. मग मी आपल्या निपाणीकडच्या माणसाला सुचणारा उपाय केला. घमेल्यात तंबाखूची देठं पेटवून धुरी दिली. आम्ही सगळे खोकत अंगणात आलो, माश्या काही गेल्या नाहीत. नातू म्हणाला, "आप्पा, त्यास्नी सवय हाय. निपाणीच्याच हैत न्हवं त्या." मी हसलो. तुझी सून हसली नाही. परसदाराला कडी लावून ती घरातल्या मोरीत भांडी घासत होती, आणि साधी माशी घोंगावली तरी पदर मानेभोवती ओढून घेत होती.

तेव्हा तू आठवलीस. दहावी होऊन मी घरी बसलो होतो ते वर्ष. जुन्या घराच्या वळचणीला असंच पोळं झालेलं. तू वखारीतून तंबाखू चाळून येतेस, नाकातोंडाला बांधलेलं फडकं सोडतेस आणि रोजच्यासारखं झटकून वाळत न घालता डब्यात भिजत टाकतेस. सकाळी उजाडताना, गारठ्याने माश्यांचे पंख जड असतात तेव्हा, तू डोक्यावर ओलं पोतं घेऊन स्टुलावर चढतेस. मी दाराआडून म्हणतो, "आई, त्यांची पिल्लं असतील गं आत." तू म्हणतेस, "मग तू ये वर आन् समजूत काढ त्यांची." पोळं पोत्यात गुंडाळून तू कुंपणापलीकडे ठेवून येतेस आणि त्या तपकिरी पाण्याचं फडकं वळचणीला चांगलं घासतेस. खाली उतरल्यावर हात धुताना मला एवढंच म्हणालीस, "देवाचं नाव घिऊन मागं ऱ्हायचं न्हाय. नाव घ्यायचं आन् म्होरं व्हायचं." त्या वळचणीला परत कधी पोळं झालं नाही.

मी निपाणीला गेलो. आता चालू वखारी थोड्याच. एकीच्या दारात एक म्हातारी बाई चाळत बसली होती. तिला मूठभर भुकटी मागितली.

"खायाला व्हय? खाल्लीस तर तुझं तेरावं जेवायला यावं लागंल आमास्नी."

"न्हाय मावशी. दारावर गांधीलमाश्या झाल्यात."

"मग भुकटी काय करतोस? भिंतीला चिकटती व्हय ती? फडकं ने." तिने तोंडाचं फडकं सोडून माझ्या हातात दिलं. "कुणी सांगितलं रं तुला ह्ये?"

"आईनं. ती हितंच कामाला होती."

ती पदराचं टोक नाकावर धरून परत चाळायला लागली. मला नमस्कार करायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी स्टुलावर चढलो. नातवाने खालून स्टूल धरलं होतं. तू केलंस तसंच सगळं केलं. याला आता दीड महिना झाला. सज्ज्याखाली तपकिरी डाग आहे आणि दुसरं काही नाही. काल तुझ्या सुनेने परसदाराची कडी काढली. बाहेर उन्हात बसून भांडी घासताना मला म्हणाली, "माझ्यापायी तुमच्या हातनं त्या जिवांचं घर मोडायला लागलं. तुमच्या मनाला लागलं असंल."

मी मान खाली घातली. तिला तो होकार वाटला.

आई, माझ्या मनात दया नव्हती. मला भीती वाटत होती, म्हणून मी ते पोळं वाढू दिलं. हा कागद घडी करून ठेवतोय. हे सांगायचं आहे ते तुझ्या सुनेला. तुला तर दाराआडच्या माझ्या आवाजावरून तेव्हाच कळलं होतं.