दिवाणखान्यातली पाठ

२१ सप्टेंबर १९५२, रविवार

टांगलीच शेवटी! ह्यांनी ती उघडी बाई दिवाणखान्यात लावली. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच चित्राची नक्कल म्हणे. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या रघुवीरकडून करून घेतली, पुस्तकातलं चित्र समोर ठेवून. पाठमोरी बसलीय सटवी, अंगावर चिंधी नाही, अन् मान वळवून टक लावून बघते.

"अगं, ही कला आहे," हे म्हणाले. मग माझा पदर जरा ढळला की डोळे का वटारता?

२८ सप्टेंबर

दसरा. सोनं द्यायला आलेले सगळे तिच्यासमोरच घुटमळले. ह्यांचे दोस्त अप्पासाहेब तर हलेचनात, इथल्या गावच्या हिंदीत—"क्या बात है, भिया!" ह्यांचं प्रवचन सुरू—ती आपल्याकडे बघते, म्हणजे आपण बघावं असं तिलाच वाटतं. वा रे वा! उद्या चोर म्हणेल, कुलूपच मला बोलवत होतं! तिचे डोळे रंगवले पुरुषानं, बघतात पुरुष. तिला विचारलं कुणी?

तरी मला तिचाच राग येतो. खाली बघ की, मेले!

५ ऑक्टोबर

ते पुस्तक उघडून बघितलं. मूळ फ्रेंच बाईची पाठ स्वच्छ. आमच्या बाईच्या उजव्या खांद्याखाली तपकिरी डाग, कैरीच्या आकाराचा! म्हटलं, रघुवीरचा रंग सांडला वाटतं.

"मीच काढायला सांगितला," हे हसले. "त्याशिवाय बाई खरी वाटत नाही."

१२ ऑक्टोबर

आज अप्पासाहेबांनी छडीचं टोक त्या डागावर टेकवलं. "असली मजा तो यहीं है!" सगळे हसले. हेही. मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

नरक चतुर्दशी

धाकटी बहीण शालिनी काल देपालपूरहून आली. आल्या आल्या चित्र बघून नाक मुरडलं. पहाटे माझ्या पाठीला उटणं लावताना तिचा हात थांबला.

"ताई, तुझं लासं..."

जन्मखूण आहे, आई म्हणायची. मी कधी पाहिली नाही. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

"कुठे गं?"

तिनं बोट ठेवलं. उजव्या खांद्याखाली. "कैरीसारखं. त्या चित्रात आहे ना, तस्संच."

मला माहीत नव्हतं. अप्पासाहेबांना माहीत होतं!

पाडवा

हे पाटावर बसून हाका मारत होते—"अगं, ओवाळतेस ना?" तबक तिथेच ठेवलं. निरांजन तेवढं घेऊन दिवाणखान्यात गेले.

डागापासून पेटवलं.