निरीक्षणासाठी घेतलेला चेहरा

१० जून २००७, रविवार

मार्चपासून इथे एक अक्षर लिहिलेलं नाही. माफी कोणाची मागायची, वाचणारा मीच, तरी मागतो. सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावण्यात वेळ गेला. (सामान एप्रिलमध्येच लावून झालं होतं. इथे तरी खरं लिहावं.)

आज लिहायचं कारण स्वप्नाली. कॉलेजला सुट्टी लागल्यापासून कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. कुठकुठले लोक एकाच वेळी त्यात असतात, प्रत्येकाचा एक बनवलेला माणूस असतो, आणि ती माणसं एकमेकांशी टाइप करून बोलतात. मी मागे जाऊन उभा राहिलो की ही पटकन स्क्रीन बारीक करते. विचारलं तर म्हणाली, पप्पा, तुम्हाला नाही आवडणार.

रागवायचं नाही. त्याच गेममध्ये शिरून लांबून निरीक्षण करायचं. आठवडाभर, जास्त नाही.

१२ जून

ऑफिस सुटल्यावर कॅम्प १ या सिंधी वस्तीतल्या परसूभाईच्या सायबर कॅफेत गेलो. बायकोला, मायाला, फोनवर सांगितलं, ऑडिट आहे. चौथं शील मोडलं, खोटं न बोलण्याचं. हेतू मात्र शुद्ध.

आत शिरण्याआधी आपला माणूस तयार करावा लागतो. नाक, जबडा, केस, उंची, रंग, सगळं आपण निवडायचं. जायची वेळ झाली तरी मी नाकावरच होतो. परसूभाई मागून म्हणाला, साईं, इतना टाइम तो मैंने बीवी पसंद करने में नहीं लगाया.

१४ जून

माणूस तयार. योद्धा. नाव विक्रांत. उंच, रुंद खांदे, मानेपर्यंत केस. केसांबद्दल खुलासा: निरीक्षक ओळखू येता कामा नये.

रंगाबद्दलही खुलासा हवा. गेम उघडतो तेव्हा माणूस गोराच असतो. मी बदलला नाही, इतकंच. (तपकिरीवर क्लिक केलं होतं. पाहिलं. परत आलो.)

गेल्या वर्षी स्वप्नालीची गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब मीच कचऱ्यात टाकली होती. नंतर विहारात 'रंग आणि न्यूनगंड' या विषयावर बोललो. टाळ्या पडल्या. आता रंग बदलायचा तर माणूस पुसून पहिल्यापासून बनवावा लागतो, असं परसूभाई म्हणतो. म्हणजे इलाजच नाही.

१७ जून, रविवार

विहारात पंचशील म्हणताना 'मुसावादा'पाशी माझा आवाज आपोआप खाली गेला. शेजारी बसलेल्या शंकररावांनी विचारलं, घसा बसला का? हो म्हणालो. म्हणजे तिथल्या तिथे पुन्हा मोडलं.

२० जून

स्वप्नाली सापडत नाही. तिथल्या प्रत्येक मुलीजवळ जाऊन उभा राहून आलो. लिहितानाच कसंतरी वाटतं. हेतू बापाचा, दिसणं टवाळाचं. दोघींनी तर टाइप केलं, भैया, पीछे मत आओ.

बाकी लोक मान देतात. रस्त्यात थांबवून विचारतात, भाई, ये हेअर कौनसा है? मला केसांबद्दल कोणी शेवटचं कधी विचारलं ते आठवत नाही. आठवडा संपला, पण निरीक्षण अपुरं आहे. मुदत वाढवली.

२२ जून

गेममधल्या गावाच्या वेशीवर एक नमुना उभा असतो. बुटका, काळा, टक्कल, मिशी, चष्मा. चॉकलेटी कोट पोटावर ताणलेला. हात मागे बांधून उभा, जणू कोणाची वाट बघतोय. नाव राखणदार, कोणाची राखण करतो कोण जाणे. काम वैद्याचं. जखमी दिसला की बरं करतो, ओळखपाळख नसली तरी.

पोरं त्याच्याभोवती नाचत होती. अंकल, राशन की लाइन उधर है. मलाही राहवलं नाही. टाइप केलं, अंकल, पेन्शन लेने आए हो क्या? सगळे हसले. माझ्या बोलण्यावर एवढी माणसं कधी हसली नव्हती.

तो तसाच वेशीवर उभा राहिला. पुढे रानडुकराने मला लोळवलं तेव्हा मात्र धावत आला आणि उठवलं. तेव्हा जरा लाज वाटली. पण असा चेहरा कोणी मुद्दाम निवडतं का? निदान उंची तरी वाढवायची.

२३ जून, शनिवार

हे सविस्तर लिहायलाच हवं.

जेवताना स्वप्नाली नुसती भात चिवडत होती. माया म्हणाली, अगं, एकदा सांगून टाक ना त्यांना. स्वप्नाली म्हणाली, पप्पा, रागवू नका हं. गेममध्ये मी आधी मुलगी बनवली होती, पोरं मागे लागायची. मग तुम्हाला बनवलं. हुबेहूब. टक्कल शोधायलाच दोन दिवस गेले, कुठेतरी आत दडवून ठेवलंय त्यांनी. आता तुम्ही उभे असता म्हणून कोणी त्रास देत नाही. फक्त हसतात. पण काल एक जण आला, गोरा, लांब केसवाला. पेन्शन घ्यायला आलात का म्हणे. मला काही बोलला असता तर चाललं असतं. तो तुम्हाला बोलला.

माया म्हणाली, असतात असे रिकामटेकडे. यांच्या घरी पोरीबाळी नसतील.

मी म्हणालो, असतात. आणि पुन्हा भात घेतला. भूक नव्हती.

२४ जून, रविवार

सकाळी सांगणार होतो, ती झोपली होती. दुपारी मी झोपलो. संध्याकाळी पाहुणे आले. पाहुण्यांना मीच बोलावलं होतं.

२६ जून

मार्ग सापडला. विक्रांतनेच माफी मागायची. तिचं मन हलकं होईल, बापाला मध्ये आणायची गरज नाही. गुन्हा विक्रांतचा, माफीही विक्रांतची. यात गैर काय?

वेशीवर गेलो. 'सॉरी अंकल' टाइप केलं. तेवढ्यात पोरं आली, म्हणून खोडलं. राखणदाराने विचारलं, चोट लगी है? मी लिहिलं, नहीं.

२९ जून

वेशीवर राखणदार होता. नाव तेच, काम तेच. पण उंच, गोरा, खांद्यापर्यंत केस.

मी विचारलं, अंकल किधर गए? उत्तर आलं, डिलीट कर दिया. अब ठीक है ना?

पोरांनी वाहवा केली. सगळे माझ्या उत्तरासाठी थांबल्यासारखे वाटले. मी लिहिलं, हां, मस्त.

परसूभाई म्हणाला, साईं, हार गए क्या? चेहरा उतरा हुआ है.

३० जून, शनिवार

आज मी मागे उभा राहिलो तर स्वप्नालीने स्क्रीन बारीक केली नाही. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हणाली, बघा पप्पा, आता कोणी हसत नाही. छान दिसतो ना?

'रंग आणि न्यूनगंड' मला अजून तोंडपाठ आहे. एक वाक्य बाहेर पडलं नाही.

१ जुलै, रविवार

विहारात न जाता परसूभाईकडे गेलो. विक्रांतला पुसला. नक्की का, असं गेमने विचारलं, तेव्हा हात अडला. पण पुसला.

नवा माणूस बनवायला बसलो. रंग लगेच मिळाला, पहिल्या दिवसापासून समोरच होता. चष्मा मिळाला. पोट मिळालं. टक्कल मिळेना. सगळे मेनू उघडून झाले. परसूभाई म्हणाला, साईं, इधर गंजा बनने कोई नहीं आता, मुझे क्या मालूम.

ज्या एकीला माहीत आहे ती विचारणारच, पप्पा, तुम्हाला कशाला हवं?

उद्या: टक्कल कुठे सापडतं, ते स्वप्नालीला विचारणे.