माझा खड्डा मेयरने खणावा

मी, अन्सेल्म व्होकलँ, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार शापेल-दे-सोल, या गावात आयुष्यभर कबरी खणून निवृत्त झालेला इसम, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गावातल्या काहींचे मत वेगळे आहे. ते त्यांनी आपापल्या मृत्युपत्रात लिहावे.

कलम १. राहते घर, परसू आणि पेअरचे झाड माझी मुलगी नोएमी हिला. छप्पर तिनेच दुरुस्त केले. मी खाली शिडी धरून सूचना दिल्या.

कलम २. माझी कुदळ व फावडे गावचा मेयर फेर्नां पेशार यास. कारण सांगणे भाग आहे.

पूर्वी याच फेर्नांने कब्रस्तानातली लिंडनची झाडे तोडायला काढली. माझे डोके फिरले. निवडणूक लढवतो म्हणालो. पण ज्या पंचायतीचा पगार खातो तिच्यावर निवडून येता येत नाही, असा आमचा कायदा. मग मी रविवारी चर्च सुटल्यावर चौकात सर्वांसमोर राजीनामा दिला. भाषण ठोकले. टोपीसुद्धा काढली.

तेव्हा मतपत्रिकेवरचे नको ते नाव खोडायची मुभा होती. सर्वांसमोर मोजणी झाली, तर एका पत्रिकेवर माझे नाव जांभळ्या शाईने खोडलेले. ती शाई गावात एकाच घरी, जॅमच्या बरण्यांवर नावे घालायला. माझ्या घरी.

"अगं सोलांज, नवऱ्याचं नाव खोडलंस?"

"मग काय करू! तू बोलायला लागलास की थांबतोस का? त्या पंचायतीतल्या बिचाऱ्यांची दया आली मला."

सपशेल पडलो. तेवढ्यात फेर्नांची आत्या वारली. खणायला कोणी नाही, म्हणून मेयर स्वतः खड्ड्यात उतरला. आत्याच्या कबरीचा दगड अजून डावीकडे कललेला आहे. मात्र खणताना सावली लागते हे त्याला कळले, आणि झाडे वाचली. मग तो माझ्या दारात आला.

"ये रे बाबा परत. आणि एक सांगू? राजीनाम्याची गरजच नव्हती. एवढ्याशा गावात कबरी खणणं म्हणजे अधूनमधूनचं काम. त्याला ती बंदी लागूच नाही."

"मग तेव्हा का नाही बोललास, मेल्या?"

"तुझं भाषण इतकं रंगलं होतं!"

तेव्हापासून गाव मला 'राजीनामा' म्हणते. पोरेटोरे 'राजीनामा आजोबा' म्हणतात.

कलम ३. नोएमी आज त्याच पंचायतीत नोकरीला आहे. ट्रॅक्टर, बर्फ, नळ, कबरी, सगळे तीच बघते. फेर्नां आता शाळा शेजारच्या गावात हलवायला निघाला आहे, आणि मार्चमध्ये तिला त्याच्याविरुद्ध उभे राहायचे आहे. परवा सूप वाढता वाढता म्हणाली, "बाबा, नोकरी सोडली आणि तुझ्यासारखी पडले तर?"

मी, एवढा बोलका माणूस, सुपात मीठ कमी आहे म्हणालो. खरे उत्तर इथे देतो. पोरी, तुझे काम रोजचे, तुला माझी पळवाट नाही. नोकरी सोडावीच लागेल. डोक्यावर छप्पर असावे म्हणून घर आजपासूनच तुझे समज. पडलीस तर लोक हसतील. हसू देत. इतकी वर्षे एकटा पुरलो त्यांना, आता आपण दोघे आहोत. मला तुझा फार अभिमान आहे, आणि हे तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून कलमात घातले.

कलम ४. मला सोलांजशेजारी, लिंडनखाली पुरावे. माझा खड्डा नोएमीने खणू नये. तिने खणला, तर ती माझ्यामुळे घाबरून नोकरीतच राहिली असा अर्थ होईल, आणि त्या वेळी मला आरडाओरडाही करता येणार नाही. खड्डा मेयरने खणावा. हत्यारे दिलीच आहेत. तोवर तो मेयर नसला तर उत्तमच, पण खणावे त्यानेच.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी दोन घेतो. गरज नसलेली गोष्ट थाटात करणे हा माझा जुना स्वभाव.

शापेल-दे-सोल, ९ नोव्हेंबर २०२५
अन्सेल्म व्होकलँ (सही)

साक्षीदार: इव्हेट लोरिओ, शिक्षिका. (शुद्धलेखन सुधारू दिले नाही.)

साक्षीदार: फेर्नां पेशार, मेयर. (वाचलं. नोएमीचा राजीनामा आला की घेईन. खड्डा सरळ येईल याची हमी नाही, तेव्हा घाई करू नकोस.)