घाटातला दगड

१९ एप्रिल, शनिवार

किशोरने आज डोकं फिरवलं! लिफ्टमध्ये म्हणतो, तुमची गाडी विजेवर, मीनाताई. पेट्रोल भरताना आम्ही रस्त्याचेही पैसे भरतो. तुम्ही फुकट फिरता.

फुकट! सकाळी सकाळी!

परदेशात म्हणे विजेच्या गाड्यांना किलोमीटरप्रमाणे रस्त्याचा कर लावतात. त्याने पेपरात वाचलं. आपल्याकडे लावावा का, यावर एक मेला सोसायटीच्या हॉलमध्ये वाद ठेवलाय. तो बाजूने, मी विरोधात. धूर नाही, आवाज नाही, वर भुर्दंड आम्हालाच? बघतेच त्याच्याकडे.

घरी येऊन आबांना तावातावाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, चहा मिळंल का?"

ताई. होळीपासून हेच चाललंय. स्वतःच्या लेकीला ताई म्हणतात, दवाखान्यातल्या नर्सला म्हणावं तसं.

२२ एप्रिल

भाषण लिहायला बसले आणि डोक्यात शिरली आबांची जीप.

सुरगाणा ते नाशिक. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी वेगळीच. पायाशी कोंबड्या, नागलीची पोती. घाटात रस्ता नावालाच. चढ आला की आबा सगळ्यांना खाली उतरवायचे. रिकामी जीप घुरघुरत पुढे, माणसं मागून चालत — आणि प्रत्येकाने एक दगड उचलून खड्ड्यात टाकायचा. टाकला तरच परत बसायचं! मास्तर असो, तलाठी असो. सगळ्याच जीपवाल्यांची ती रीत, पण आबा फार कडक.

एकदा एका नव्या नवरदेवाने कुरकुर केली, मी भाडं दिलंय म्हणून. आबांनी जीप बंद केली आणि खुशाल बिडी पेटवून दगडावर बसले. शेवटी नवरीनेच त्याला कोपराने ढोसलं. मुंडावळ्या सावरत उचलला बिचाऱ्याने दगड! सगळी जीप हसत होती.

मी मात्र कधी उतरले नाही. पुढच्या सीटवर, पाय हलवत. ड्रायव्हरची लेक! मला कोणी दगड उचलायला लावलं नाही. केवढा तोरा होता माझा.

डिझेल, ओलं गोणपाट, शेजारच्या म्हातारीच्या फडक्यातली भाकरी — तो वास आत्ता खोलीत आला. माझ्या गाडीला कसलाच वास नाही.

२३ एप्रिल

हे भाषणात घालायचं नाही. किशोरचंच काम होईल!

२७ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, जुन्या जागा दाखवून बघा, कधीकधी काहीतरी हलतं आत. मी म्हटलं, घाटात नेते. दीपकचं सुरू — तिकडे चार्जिंग कुठे आहे, चढाला बॅटरी किती खाईल, अडकलात तर काय करणार. माझा नवरा गाडीत बसायच्या आधीच गाडी बंद पाडतो.

मला काय हवंय? एकदा त्यांच्या तोंडून "मिने" ऐकायचंय. पूर्वी गल्लीच्या टोकापासून हाक मारायचे, आणि मला मैत्रिणींपुढे लाज वाटायची. आता तीच हाक हवी. दुसरं काही नको.

१ मे

हरले! आणि स्वतःच्याच तोंडाने.

किशोर बरा बोलला. मीही सगळं म्हटलं — हवा, आवाज, आत्ता कुठे लोक या गाड्या घ्यायला लागलेत तर त्यांना घाबरवू नका. टाळ्या पडल्या. मग दुसऱ्या मजल्यावरच्या सुवर्णाने शांतपणे विचारलं, "पण रस्ता तर तुमच्या चाकानेही झिजतो ना?"

उत्तर तयार होतं. तोंड उघडलं आणि निघाली ती जीप! घाट, नवरदेव, दगड, सगळं. हॉल हसला. किशोर म्हणाला, आता मला बोलायला काही उरलंच नाही.

आबा पहिल्या रांगेत होते. बोलताना मी त्यांच्याकडेच बघत होते. ते पंख्याकडे.

३ मे

गाडी चार्जिंगला लावली. दीपकने वणीत एका ओळखीच्या माणसाकडे प्लगची सोय केलीय — न सांगता! उद्या घाट.

४ मे

घाट आता गुळगुळीत. खड्डा औषधालाही नाही.

चढ लागला आणि आबांनी दारावर थाप मारली. थांबवली गाडी. उतरले. वाकून एक दगड उचलला, खड्डा शोधला, मग नीट रस्त्याच्या कडेला ठेवला. परत वाकले. दुसरा उचलला.

"आबा, दोन कशाला?"

परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं माझ्याकडे. हसले.

"एक माझा. एक आमच्या मिनीचा. ती बारकी हाय, ताई. तिचा मीच टाकतो."