बर्दियाच्या वाटेचं आश

तरलान बाळा,

शेगडीवर आशचं मोठं पातेलं आहे. आच मंदच ठेव आणि तळापासून ढवळत राहा, नाहीतर शेवया लागतील. वाढताना या दाट सूपवर तळलेला कांदा आणि पुदिना घाल. मी गल्लीत वाडगे पोचवून येते.

आश मी केलेलं नाही, तुझ्या बाबांनी केलंय. तुझा भाऊ बर्दिया घरचा गालिच्याचा माग सोडून जहाजावर निघाला, तेव्हा हे दाराशीसुद्धा आले नव्हते. घरचं माणूस लांब गेलं की त्याची वाट सुखाची व्हावी म्हणून तिसऱ्या दिवशी आश शिजवतात, पण यांच्या रागापुढे पातेलं काढायची माझी छाती होत नव्हती. आज उठून बघते तर भोपळा चिरलेला, पालक निवडलेला. हरभरे तर रात्रीच गुपचूप भिजत घातले होते. काय सुरेख हात चालत होता गं! मागावर गाठी मारतात ना, तसा.

मी म्हटलं, "अहो, सलगम राहिले. या दिवसांत सलगमाशिवाय आश होतं का?"

"बर्दियाला आवडत नाहीत."

"तो थोडाच जेवायला येणार आहे?"

"त्याच्या नावाचं आहे ना? मग गप्प बस."

तो गेल्यापासून त्याचं नाव आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडी आलं.

मीठ जास्त झालंय. बोलू नकोस, दुसऱ्यांदा मागून खा. आणि बर्दियाचा फोन आला तर माझी वाट पाहू नकोस. सरळ बाबांच्या हातात दे.

आई