भिंतीपासून ऐंशी सेंटिमीटर

प्रिय मुंगे,

टीव्ही भिंतीवर लागला. रोज सकाळी पडद्यावर समोरासमोर बोलतो आणि तरी आई पत्र कशाला खरडत बसली, असं तुला वाटेल. बोलताना तू मला मध्येच तोडतेस आणि मी तुला. कागदावर ती सोय नाही. हे पत्र सुरुवातीपासून वाचायचं. गोष्टीचं शेवटचं पान आधी बघायची तुझी लहानपणची खोड मला ठाऊक आहे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं मी अहवाल लिहिले. निष्कर्ष शेवटी येतो, आणि वरची मापं वाचल्याशिवाय तो कळत नाही.

सर्वांत जड गोष्ट आधी ठेवते. तुला सातवा महिना लागला होता तेव्हा बाबा शिडीवरून पडले. माळ्यावरचा तुझा पाळणा काढायला चढले होते. मी घरी येईपर्यंत थांबा म्हणून बजावलं होतं, पण थांबले तर ते बाबा कसले! कण्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद गेली. तुला डॉक्टरांनी पलंग सोडायचा नाही असं सांगितलं होतं, आणि तू तो सोडून पहिल्या विमानात बसली असतीस. शुद्धीवर आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य ‘मुंगीला कळवू नकोस’ हे होतं. मी मान डोलावली. जन्मभर लोकांचे खोटे तराजू जप्त करणाऱ्या बाईने त्या दिवशी स्वतःच खोटं माप मांडलं. दवाखान्यातले तीन आठवडे मी तुला टीव्हीचा कॅमेरा बिघडलाय असं सांगत राहिले.

घरी आणल्यावर त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत टीव्हीच्याच भिंतीला लागून लावला. खिडकीचा वारा लागतो, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण तुझा कॅमेरा. तू पाठवलेला तो अवाढव्य टीव्ही टेबलावर, त्याच्या डोक्यावर कॅमेरा, समोर आमच्या दोन खुर्च्या आणि त्यांच्यामागे काचेचं कपाट. एवढंच तुला दिसायचं. एका खुर्चीत मी बसायची. दुसरी रिकामी. पलंगावरून बाबा आवाज द्यायचे, ‘आज माझी सुट्टी आहे, आवाजावर भागव!’ कधी दाढीला साबण लावलेला असायचा, कधी अंगात सदरा नसायचा. रोज नवी सबब, आणि तूही रोज हसायचीस. मग बाळ आलं, सुखरूप आलं. आता सांगायला हरकत नव्हती. मी रोज ‘उद्या सांगू’ म्हणत गेले. बाबा काहीच म्हणत नव्हते, आणि ते मी माझ्या सोयीने संमती म्हणून धरलं.

त्यात तू टीव्ही भिंतीवर लावायचा हट्ट धरलास. आधी म्हणालीस, बाळ रांगायला लागलं की आम्ही येऊ, टेबलावरून ओढून अंगावर घेईल. दोन दिवसांनी म्हणालीस, तुला स्वयंपाकघरातून दिसायला हवा. मग खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो, असं काढलंस. कारणं बदलत होती, मागणी एकच होती. ‘आई, सपाट स्टँड घेऊ नकोस, हाताने बाहेर येऊन फिरणारा घे.’ फोटोसुद्धा पाठवलास. मला तुझी चिकाटी नवी नाही. मुंगी उगाच म्हणत नाही तुला.

मी टेप, पेन्सिल आणि वही घेऊन दुकानात गेले. जाण्याआधी शेजारणीला एका टोकाने उचलायला लावून टीव्ही काट्यावर ठेवला होता. खोक्यावर सत्तावीस किलो छापलंय, पण ते खालच्या पायांसकट. नुसता पडदा तेवीस किलो चारशे ग्रॅम. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. एक भिंतीला चिकटून बसणारा, एक थोडा खाली झुकणारा आणि एक घडीच्या हाताचा, जो पुढे ओढून डावी-उजवीकडे वळवता येतो. मी प्रत्येकाचं वजन, जाडी, मागच्या चार भोकांमधलं अंतर विचारत गेले तशी त्याने हात जोडले. ‘बाई, टीव्ही टांगायचाय की स्थळ बघायचंय?’ मी म्हटलं, स्थळ वाईट निघालं तर फिरवता येतं, पडलेला टीव्ही नाही.

आणि एवढं करून मी सपाट स्टँड घेऊन घरी आले. बाबांना सांगितलं, आपली भिंत फिरत्या हाताचा भार पेलणार नाही. भिंत पक्क्या विटांची आहे, हे मला माहीत होतं. पण सपाट स्टँड एकदा ठोकला की टीव्ही जन्मभर त्या दोन खुर्च्यांकडेच बघत राहणार होता, आणि मला तेच हवं होतं. बाबा मला म्हणाले, ‘साहेब म्हणतील ते माप.’ आणि कपाटाकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू बाळाला पहिल्यांदा टोपीशिवाय दाखवलंस. तू गेल्यावर बाबा खुशीत म्हणाले, उजव्या कानाजवळचा लाल डाग बघितलास का? अगदी माझ्या आईसारखा. मी म्हटलं, डाव्या कानाजवळ. ते म्हणाले, उजव्या. मी म्हटलं, मी समोर बसून बघितलंय. ते म्हणाले, मीही बघितलंय. डाव्या-उजव्यावरून आमचं चांगलं जुंपलं. तुला माहीत आहे, मापात चूक झाली की माझं डोकं फिरतं. त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी तरातरा जाऊन त्यांच्या उशीपाशी बसले आणि ते बघतात तिकडे बघितलं.

तिथून टीव्हीची फक्त कड दिसत होती, बोटभर जाडीची काळी पट्टी. आणि समोरच्या कपाटाच्या काचेत, कपबश्यांवरून तरंगत, सगळा पडदा उलटा दिसत होता. जवळजवळ चार महिने हा माणूस कपाटात टीव्ही बघत होता. सामन्यातले सगळे खेळाडू डावखुरे कसे झाले म्हणून मी त्यांची चेष्टा केली होती. तू भांग बदललास का असं त्यांनी दोनदा विचारलं तेव्हा मी चष्म्याचा नंबर वाढल्याचं निदान केलं होतं. नात जन्मली ती त्यांनी काचेत उलटी बघितली. ते म्हणाले, ‘तीस वर्षं शाळेची बस आरशात बघून चालवली, साहेब. मागची पोरं कायम उलटीच बघितली. त्यात काय एवढं?’ मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

मग सपाट स्टँड परत केला. दुकानदार म्हणाला, स्थळ फिरवलंत वाटतं. मी त्याला हिशेब मांडून दाखवला. टीव्ही एकशे पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद. तो पलंगाकडे पूर्ण काटकोनात वळायचा तर हात त्याच्या निम्म्याहून, म्हणजे साडेबाहत्तरहून लांब पाहिजे, नाहीतर कड भिंतीला अडते. त्याच्याकडचे बहुतेक हात पन्नास-साठचे. ‘सगळे हेच नेतात, बाई, थोडा तिरका बघायचा.’ मी म्हटलं, आमच्याकडचा माणूस चार महिने तिरकाच बघतोय. त्याने काही न विचारता वरच्या फळीवरून ऐंशीचा जोडहात काढला.

फिटर सावकाश, कानावर पेन्सिल ठेवणारा, माझ्यासारखाच किरकिरा. भिंत बोटांनी वाजवून त्याने चार जागा धरल्या आणि मला समजावलं की हात पुरता बाहेर काढला की सगळा ताण वरच्या बोल्टांवर येतो. मी त्याला टीव्हीआधी दुप्पट वजनाचे पाण्याचे कॅन टांगायला लावले. अर्धा तास आम्ही दोघं चहा पीत त्या कॅनकडे बघत बसलो. एक मिलिमीटर हललं नाही. मग त्याने टीव्ही चढवला, एका बोटाने बाहेर ओढला आणि पलंगाकडे वळवला. बाबांनी चालू असलेला सामना बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘अरेच्चा, हा तर उजव्या हाताने खेळतो!’ फिटरला वाटलं म्हातारबुवा विनोद करताहेत. तो हसला. मी हसले नाही.

आता कॅमेराही पलंगाकडे वळणार, म्हणजे तुला सांगणं भाग होतं. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत मी माझ्या खुर्चीत बसले होते, आणि कॉलेजातलं प्रकाशाचं प्रकरण आठवलं. काचेवर किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो. बाबांना पलंगावरून काचेत पडदा दिसत होता. मग पडद्यावरच्या कॅमेऱ्याला काचेत काय दिसत होतं?

आणि एकेक आठवू लागलं. बोलणं संपताना तू दोनदा हात करतेस. एकदा मला, एकदा माझ्या खांद्यावरून मागे. मला वाटायचं, तिकडची काही नवी फॅशन असेल. आणि सातव्या महिन्याच्या शेवटी तू म्हणाली होतीस, ‘आई, कपाटाची काच जरा पुसत जा गं, फार धूळ दिसते.’ मी अपमान गिळून रोज वर्तमानपत्राने काच लखलखीत करत होते! मी बाबांना विचारलं. त्यांनी चोरी पकडलेल्या पोरासारखं बघितलं. म्हणाले, घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तुला काचेत बघून सवयीने हात वर गेला, आणि तिकडून तुझाही वर झाला. बसमध्ये मागच्या बाकावर बसायचीस तेव्हा त्यांनीच तुला शिकवलं होतं, ‘आरशात तुला माझे डोळे दिसले की मलाही तू दिसतेस असं समज.’ तेव्हापासून रोज, माझ्या डोक्यावरून, तुमचं चाललं होतं. ‘मला का नाही सांगितलंत?’ मी विचारलं. म्हणाले, ‘मुंगीने मानेनेच नको म्हटलं.’

आता निष्कर्ष. तुला भार नको म्हणून मी लपवलं, आणि तू पोटात बाळ घेऊन बाबांचा भार तर उचललासच, माझ्या लपवण्याचाही उचललास. मला खोटं पाडणं तुला एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी तू माझ्या सबबींवर हसलीस, काच पुसायला लावलीस, आणि मी आपणहून वळेन इतका लांब हात घरी येईपर्यंत कारणं बदलत राहिलीस. माझ्या शब्दाला लोक टरकायचे. मला एवढं सांभाळून कुणी घेतलं नव्हतं. आभार मानायची मला सवय नाही, आणि तुझ्या तोंडावर तर ते जमणारच नाही, म्हणून हे पत्र. रविवारी आम्ही टीव्ही पलंगाकडे वळवून बसू. बाबा सदरा घालतील, दाढी केलेली असेल, सुट्टी संपली. मी खुर्ची हलवून त्यांच्या उशाशी घेतली आहे. तेव्हा निघताना हात एकदाच कर, दोघंही एकाच बाजूला असू.

तुझीच, या वेळी मापात चुकलेली,
आई