भाच्याचं तिसरं मागणं

बोझकोल थांबा,
११ नोव्हेंबर १९९८

ती. कुलपाश ताईस,
धाकट्या मौलेनचा दोन्ही हातांनी सलाम वि. वि.

तुझं पत्र आणि कुर्त चीजची पिशवी पोचली. चीज वाळवतेस की दगड भाजतेस? एक दात गेला. उरलेले पुढच्या पिशवीसाठी राखून ठेवलेत. बाकी तब्येत ठीक. माझ्या सालिमाला जाऊन मार्चात तीन वर्षं होतील, घर अजून खायला उठतं. नोकरीत होतो तेव्हा निदान रुळांचे सांधे बदलायला रात्री-अपरात्री उठावं लागायचं. आता उठून करायचं काय?

आधी भांडण उरकून घेतो. तुझा ओरकेन ऑक्टोबरात आमच्याच माळावर शिकारीला आला होता, असं स्टेशनमास्तर सांगत होता. इतक्या जवळ येऊन पोरगा मामाच्या घरी चहालासुद्धा टेकत नाही? मी काय मेलो होतो? त्याचं एक मागणं अजून माझ्याकडे बाकी आहे. भाच्याने आजोळातून तीनदा हवं ते न्यावं आणि मामाने नाही म्हणू नये, ही रीत काही मी काढलेली नाही. पहिल्यांदा त्याने बाबांचं खोगीर नेलं, दुसऱ्यांदा माझा पिंगट घोडा. तिसरं न नेताच फिरकेनासा झाला तर लोक मामालाच कद्रू म्हणणार. त्याला पाठव.

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात रुळाच्या कडेला मला एक कुत्री सापडली. शिकारी जातीची, अस्सल ताझी, पण नुसता सांगाडा. गळ्यात चावून तोडलेली दोरी, ती मांसात रुतलेली. डाव्या कानाला खाच, पुढचा उजवा पंजा पांढरा. गाड्या धडधडत जातात त्याचं तिला काही नाही, पण माणूस दिसला की जमिनीला चिकटते आणि तिथेच मुतते. मी विजारीचा पट्टा काढायला गेलो, तर बक्कल वाजताच पलंगाखाली घुसली ती अजून तिथेच आहे. शेजारची बिबिझार, आपल्या लाइनमनची विधवा, म्हणते की या वयात बायको आणायची सोडून हे काय आणलंस. बाबांचे कुत्रे तू सांभाळायचीस. मी काय करू ते सविस्तर लिही.

लोभ आहेच. तो करताना दातांवर मात्र दया कर.
तुझा,
मौलेन


कारासू,
२९ नोव्हेंबर

चि. मौलेन यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

अरे, साठी उलटली आणि आता तुला पोर वाढवायची हौस आली! जन्मात एक कोंबडी धड पाळली नाहीस.

ऐक. तिच्याकडे बघायचं नाही. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बस आणि जेव. रश्शात भिजवलेला पाव हात मागे नेऊन ठेव, आणि खाल्ला का म्हणून वळून पाहू नकोस. पाहिलंस तर आठ दिवस वाया. पट्टा टाकून दे, नाडी बांध. तुझा न धुतलेला सदरा तिच्या अंथरुणात घाल, असले सदरे तुझ्याकडे ढीगभर असतील. हात वरून डोक्यावर नेऊ नकोस, खालून हनुवटीकडे ने. आणि दोरी तिच्या नजरेस पडता कामा नये. घाई केलीस तर आहे तेही जाईल.

डाव्या कानाला खाच म्हणतोस, ती नीट पाहिलीस का? असो. असल्या कुत्र्या माळावर पुष्कळ भटकतात. कुणाची म्हणून चौकशी करत हिंडू नकोस. ओरकेनला सध्या कामं फार आहेत. त्याचं तिसरं मागणं कुठे पळून जात नाही. यंदा त्याला बोलावू नकोस.

सालिमाची आठवण मलाही येते. जेवत जा. लोभ धाकट्यावर असायचाच, तो मागावा लागत नाही.
तुझी,
ताई


बोझकोल थांबा,
१७ जानेवारी १९९९

ती. ताईस सलाम वि. वि.

एकेचाळीस दिवस! एकेचाळीस दिवस मी पलंगाकडे पाठ करून जेवलो. एकदा एक्सप्रेससमोर झेंडी धरायला मदतीला गेलो तर नाडी सुटली आणि विजार घोट्यापर्यंत. सगळी गाडी हसत पुढे गेली. तुझ्या सल्ल्याची ही किंमत, लक्षात ठेव.

पण ताई, गेल्या सोमवारी मागे केलेल्या हाताला काहीतरी ओलं लागलं. तिने पाव माझ्या बोटांतून घेतला. मी वळलो नाही. तसाच बसून रडलो, आणि मग उरलेला रस्सा तिलाच दिला.

आता खालच्या लोकरी नमद्यावर दोन बोटं टकटक वाजवली की ती पलंगाखालून येते आणि हनुवटी माझ्या तळव्यात ठेवते. फक्त माझ्या. बिबिझारने वाजवून पाहिलं, ढिम्म हलली नाही. नाव सिर्गा ठेवलंय. कानाला खाच आहे तर नावात तरी डूल असू दे. रात्री माझ्या बुटांवर डोकं टेकून झोपते. घर आता खायला उठत नाही. खरं सांगतो, तिच्यावाचून माझं पान हलत नाही.

ओरकेनविषयी तू दोनच ओळी लिहिल्यास, त्याही बोलावू नकोस म्हणून. आजारी आहे का? की माझ्यावर रुसलाय?

तुझी माया आहे म्हणून निभतंय, ती आटू देऊ नकोस.
मौलेन


कारासू,
९ फेब्रुवारी

चि. मौलेन यास आशीर्वाद.

ओरकेन ठणठणीत आहे. जीप घेतली आहे, बापासारखाच तापट झालाय. घरी जेवायला येतो आणि तसाच जातो. मुलगा मोठा झाला की आईने किती विचारायचं?

सिर्गा नाव गोड आहे. तिला परक्या लोकांपुढे काढू नकोस. मार्चात नवरोजच्या सणाला तूच इकडे ये, त्याला तिकडे नको. माझं ऐक, कारण विचारू नकोस.
ताई


बोझकोल थांबा,
६ मार्च

ती. ताईस सलाम वि. वि.

तू कारण विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारलं नाही. ऐकलंही नाही! भाच्याला नवरोजला मामाकडे जाऊ नको म्हणणारी आई मी पहिल्यांदाच पाहतोय. ओरकेनला मी स्वतः पत्र घातलं. त्याचं उत्तरही आलं, येतो म्हणून. मेंढा ठरवलाय, चार वडीलधाऱ्यांना बोलावलंय. सर्वांसमक्ष त्याचं तिसरं मागणं पुरं करतो आणि मोकळा होतो. मोटारसायकलला रंग दिला, रेडिओ पुसून मेजावर मांडलाय. पोराचा जीव कशात अडकतो बघू.

आणि काय झालं माहितीये? परवा माळावर ससा उठला. सिर्गा आधी माझ्या पायांत घुसली, मग एकदम सुटली. अगं, काय धाव! पाय जमिनीला लागत होते की नाही देव जाणे. ससा निसटला, पण ती परत आली, बोलावल्यावाचून, जीभ बाहेर काढून, शेपूट हलवत. मी ओरकेनलाही हे सगळं लिहिलंय, कान, पंजा, धाव, सगळं. तो दर्दी माणूस, खूश होईल.

लोभ ठेव आणि थोडा राग बाहेर काढून टाक.
मौलेन


कारासू,
१५ मार्च

चि. मौलेन यास,

तुझं पत्र आत्ता वाचलं. हे आजच्याच गाडीने पाठवते आहे, वेळेत पोचू दे म्हणजे झालं.

सिर्गा ओरकेनची आहे. पहिल्या पत्रातच ओळखलं मी, ती खाच त्याने माझ्या अंगणात कापली होती. ऑक्टोबरात तुमच्या माळावर कोल्ह्यासमोर ती बिचकून बसली आणि त्याचे मित्र हसले. त्याने तिला पट्ट्याने फोडून काढलं, झुडपाला बांधलं आणि जीप घेऊन निघून आला. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. त्यानेच सांगितलं, चहा पिताना, गंमत म्हणून. मी चहा ओतत होते. आणखी एक तळलेला बाउरसाक त्याच्या पुढे केला.

तुला कसं लिहिणार होते? तू त्याला अंगाखांद्यावर खेळवलंस. पोटचा पोर असा निघाला हे भावाला सांगायची लाज वाटली. तुझं पत्र आल्यापासून तो मोठमोठ्याने शीळ घालत फिरतोय. एकोणीसला निघतो.

तिला बिबिझारकडे ठेव, गोदामात ठेव, मेली म्हणून सांग. पाया पडते.
ताई


बोझकोल थांबा,
२८ मार्च

ती. कुलपाश ताईस सलाम.

तुझं पत्र काल मिळालं. पाच दिवस उशिरा. नोव्हेंबरात एक ओळ लिहिली असतीस तर चाललं असतं.

जीपचा आवाज आला तशी ती पलंगाखाली गेली आणि खाली ओलं झालं. मला वाटलं, माणसं जमली म्हणून घाबरली. ओरकेनने मला मिठी मारली, मेंढ्याचं डोकं वडीलधाऱ्यांपुढे ठेवलं, सगळं रीतसर केलं. पहिल्या पेल्यालाच मी फुशारकीने सांगितलं की आज भाचा जे मागेल ते त्याचं. तो रेडिओकडे बघेना, मोटारसायकलकडे बघेना. उठला, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि हसायला लागला. म्हणाला की हिला तो वाया गेलेली समजत होता, मामांनी तर नवी करून दिली. आणि तिसरं म्हणून हीच मागितली.

मी रेडिओ देतो म्हणालो. मोटारसायकल देतो म्हणालो. दोन्ही देतो म्हणालो. वडीलधारे आधी हसले, मग एकमेकांकडे बघू लागले. म्हातारा अब्दिमानाप मेजावरचा पाव सारखा करत म्हणाला की कुत्रीसाठी भाच्याला नाही म्हणणारा मामा या थांब्यावर अजून तरी कुणी पाहिलेला नाही. मला नाही म्हणता आलं असतं, ताई. काय झालं असतं फार तर? चार म्हातारे उठून गेले असते. मी नाही म्हणालो नाही.

त्याने पलंगाखाली हात घातला, ती भिंतीत शिरायला बघत होती. मग त्याने कमरेचा पट्टा सोडला. मी म्हणालो की थांब, मी काढून देतो. मी खाली बसलो आणि नमद्यावर दोन बोटं वाजवली. ती आली, ताई. पोटावर सरपटत, त्याच्या बुटांच्या शेजारून, आणि हनुवटी माझ्या तळव्यात ठेवली. त्याने दोरी माझ्या हातात दिली आणि मी बांधली. तिला मार बसू नये म्हणून बांधली, असं मी स्वतःला सांगतो. ती जराही हलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली.

तो गेल्यावर सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

मौलेन


कारासू,
३० मे

चि. मौलेन यास आशीर्वाद.

तू दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच आहे.

तिला धावेची सवय व्हावी म्हणून ओरकेन तिला जीपमागे पळवत होता. ती चाकाखाली आली, मागचा पाय मोडला. आता ही कशाच्या कामाची नाही, शेजाऱ्याला सांगून गोळी घाला, असं म्हणून तो जेवायला बसला. या वेळी मी वाढलं नाही. ताट उचलून नेलं. सात महिने आधी उचलायला हवं होतं.

पायाला फळ्या बांधल्यात. चार तारखेच्या गाडीच्या कंडक्टरबाई ओळखीच्या आहेत, त्या तिला तुझ्याकडे उतरवतील. भाच्याने नेलेलं परत घेतात की नाही, रीत मला ठाऊक नाही. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण तिला घे.

आशा कसली करू? तरी करते.
ताई


बोझकोल थांबा,
२० जुलै

ती. कुलपाश ताईस सलाम.

सिर्गा पोचली. तीन पायांवर चालते. जखम भरली आहे. कंडक्टरबाईंच्या हातून तिने पाव खाल्ला. बिबिझारने अंग पुसलं तर उभी राहिली. स्टेशनमास्तर कमरेला पट्टा घालतो, त्याच्या पायाशीही आता पडून असते. फक्त मी दिसलो की जमिनीला चिकटते आणि ओली होते.

तू सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. चाळीस दिवस झाले, उपाय नाही. मारणारा माणूस तिने आधी पाहिला होता, ताई. मायेने बोलावून बांधणारा मीच पहिला. यात ओरकेनचा दोष मी धरत नाही, आणि तुझाही मोजत बसत नाही. दोरीची गाठ माझी आहे.

गेल्या रविवारी तिला बिबिझारला देऊन टाकलं. तिथे खाते-पिते, पोरं शेपूट ओढतात तरी काही करत नाही, दुपारभर त्यांच्या उंबऱ्यावर ऊन खात पडते. मला खिडकीतून दिसते. जाडही झाली आहे थोडी. दोन्ही दारं समोरासमोर आहेत. मी एकदम बाहेर आलो तर तीन पायांवर धडपडत उठते, पडते. म्हणून हल्ली बाहेर पडण्याआधी मी दारामागे उभा राहून दोनदा खोकतो आणि जरा थांबतो, म्हणजे तिला आत जायला वेळ मिळतो.

कळावे.
मौलेन